लेला लोम्बार्डी : अर्ध्या गुणाचा न मोडलेला विक्रम

नवी दिल्ली, २६ मार्च : हेल्मेट डोक्यावर चढले आणि डोळ्यांसमोरची काच खाली आली, की मोटार चालवणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे प्रेक्षकांना ओळखता येत नाही. स्त्रियांची खरी अडवणूक हेल्मेट चढवण्याआधीच होत असे. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या पहिल्या महिला, इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिपिस यांना फ्रान्समधील शर्यतीत प्रवेश नाकारण्यात आला. स्त्रीने केशभूषा केंद्रातील केस वाळवण्याचे हेल्मेट तेवढे घालावे, असे तेथील संचालकांनी सुनावल्याची आठवण त्या पुढे सांगत असत. त्यानंतर सतरा वर्षांनी फॉर्म्युला वन शर्यतीच्या आरंभरेषेवर पोहोचलेली दुसरी महिला म्हणजे लेला लोम्बार्डी. त्यांची आज जयंती.

२६ मार्च १९४१ रोजी उत्तर इटलीतील फ्रुगारोलो या गावी जन्मलेल्या लोम्बार्डी यांच्या वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. दुकानाचा माल पोहोचवणारी गाडी चालवताना त्यांचा हात वेगावर बसला. छोट्या श्रेणींतील शर्यती जिंकत त्या पुढे आल्या आणि १९७५ मध्ये मार्च संघाच्या मोटारीतून दक्षिण आफ्रिकेत प्रथमच मुख्य शर्यतीत उतरल्या.

त्याच वर्षी २७ एप्रिलला बार्सिलोनातील मोंजुईक येथे स्पॅनिश ग्रां प्री झाली. कडेच्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट सैल असल्याने चालकांनी सरावावर बहिष्कार टाकला होता. तत्कालीन विश्वविजेते एमर्सन फिटिपाल्डी यांनी तर माघारच घेतली. शर्यतीत आघाडीवर असलेल्या रॉल्फ स्टोमेलेन यांच्या मोटारीचा मागील पंख तुटला आणि मोटार कठड्यापलीकडे फेकली गेली. या दुर्घटनेत काही जणांचा बळी गेला. ७५ पैकी २९ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवण्यात आली, तेव्हा लोम्बार्डी सहाव्या स्थानी होत्या. निम्मे अंतरही पूर्ण न झाल्याने गुणही निम्मेच देण्यात आले. सहाव्या स्थानाचा एक गुण अर्ध्यावर आला.

हा अर्धा गुण केवळ योगायोगाने मिळाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या रस्त्यावर अनेक नामवंतांच्या मोटारी आदळल्या किंवा बंद पडल्या, त्याच रस्त्यावर लोम्बार्डी यांनी आपली मोटार अखेरपर्यंत धावती ठेवली. मात्र या यशावर त्या दिवसाच्या मृत्यूंची छाया कायम राहिली. त्याच वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या खडतर मार्गावर त्या सातव्या आल्या. त्या काळी पहिल्या सहा जणांनाच गुण मिळत असल्याने तो पल्ला एका स्थानाने हुकला. १९७६ नंतर त्या सहनशक्तीची कसोटी पाहणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळल्या आणि तेथे त्यांनी विजयही मिळवले.

३ मार्च १९९२ रोजी मिलान येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ५० वर्षांच्या होत्या. मोंजुईकच्या त्या शर्यतीला अर्धशतक उलटले, तरी फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाच्या गुणतक्त्यात दुसऱ्या कोणत्याही महिलेची नोंद झालेली नाही. हेल्मेट आज कोणीही घालू शकते. आरंभरेषेपर्यंतची वाट मात्र स्त्रियांसाठी अजूनही लांबच आहे.