विनोबा भावे

आचार्य विनोबा भावे (मूळ नाव विनायक नरहरी भावे, ११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) हे भूदान चळवळीचे प्रवर्तक, गीतेचे भाष्यकार आणि १९४० सालचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही होत. त्यांचा जन्म तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे झाला. बालपण तेथेच आजोबा शंभुरावांच्या सहवासात गेले. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास गेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीस गेले आणि ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले.

प्रकृती आणि आहार

विनोबांची प्रकृती मुळातच नाजूक होती. १९१७ साली त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली ती वाईस संस्कृताचे अध्ययन करण्यासाठी आणि प्रकृती सुधारण्यासाठी. १९३८ साली ते पवनारला राहावयास गेले, त्यामागेही ढासळलेली प्रकृती हेच कारण होते. पुढे त्यांना ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रण, दीर्घकाळ जडला. दही, दूध व मध थोडथोड्या वेळाने अल्प प्रमाणात घेण्याच्या त्यांच्या रीतीकडे लोक व्रत म्हणून पाहत. तसे पाहणे अपुरे आहे. तो रुग्णाचा पथ्याहारही होता.

अशा व्रणातून होणारा रक्तस्राव हा त्यातला मोठा धोका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच ही त्याची लक्षणे. स्राव किती गंभीर आहे हे नाडीची गती, रक्तदाब, घेरी आणि रक्तातील हिमोग्लोबिन व युरिया यांवरून ठरवितात. असा व्रण पोटात असताना विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान स्वीकारले आणि पुढील सुमारे तेरा वर्षे देश पायी पालथा घातला. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारातील चांडिल येथे त्यांना तीव्र हिवताप झाला. प्रारंभी त्यांनी औषध नाकारले. सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर अखेर घेतले.

अखेर

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी अशा व्रणांना कारणीभूत ठरणारा जिवाणू प्रयोगशाळेत वाढविला. पुढे अनेकांचा हा जुनाट विकार प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. या वेळी मात्र कोणाचाही आग्रह चालला नाही. त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, पवनार येथे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.