खाणीतली कॅनरी आणि बाथरूममधला गिझर

डिसेंबर-जानेवारीत भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीत पहाटे गारठा असतो. मग बाथरूमचे दार बंद, खिडकी बंद आणि आत गॅस गिझर चालू. अशा कोंडलेल्या जागेत साठणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाचे काय करतो, हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःच्या शरीरावर तपासले होते.

१८६० साली एडिंबरात जन्मलेल्या या डॉक्टरांनी दवाखाना थाटला नाही. गटारे, गरिबांची कोंदट घरे आणि कोळशाच्या खाणी इथली हवा तपासत ते फिरले. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचे त्यांनी दाखवले. मृतांचे चेहरे निस्तेज नव्हते, गुलाबी होते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि रक्त लालच दिसते.

त्याआधीच त्यांनी हा वायू मोजूनमापून हुंगला होता, अगदी पाय लटपटेपर्यंत. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते. आपण पित्तावर ढकलतो. विचारशक्ती मंदावल्याने धोका कळत नाही आणि कळला तरी उठवत नाही. म्हणून पहारा दुसऱ्याकडे हवा, असे त्यांनी सुचवले: आधी उंदीर, मग कॅनरी. इवलासा जीव, भरभर श्वास. माणसाआधी तो कोसळतो. १९३६ मध्ये हाल्डेन वारले. (पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.) ब्रिटिश खाणींतल्या कॅनरींना १९८६ मध्ये निवृत्त करून त्यांच्या जागी यंत्रे आणायचे ठरले.

घरातला कार्बन मोनॉक्साइड अलार्म हे त्याच पहाऱ्याचे रूप. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, तो हा वायू पकडत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नसतो. अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावावा. बाथरूमच्या वाफेत तो बिघडतो. गिझर मात्र बाथरूमबाहेरच हवा, धूर थेट बाहेर सोडणाऱ्या नळीसह. अलार्म वाजला की सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावे, मग रुग्णालय गाठावे आणि गिझरचा उल्लेख आवर्जून करावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८-९९ दाखवू शकतो, कारण त्याला हे दोन लाल रंग वेगळे ओळखता येत नाहीत. हाल्डेन ते कारमाइन रंगाशी ताडून डोळ्यांनी ओळखत.