रेव्हरंड टिळक : आध्यात्मिक संघर्ष आणि त्याची पूर्वतयारी

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्राची मांडणी बहुधा १८९५ सालच्या बाप्तिस्म्याभोवती केली जाते. त्यापूर्वी शोध आणि त्यानंतर प्राप्ती, असे आयुष्याचे दोन भाग पाडले जातात. ख्रिस्ती साधनेत मात्र बाप्तिस्मा हा संघर्षाचा शेवट मानलेला नाही. शुभवर्तमानांनुसार येशूला अरण्यात चाळीस दिवस मोहाला तोंड द्यावे लागले ते बाप्तिस्म्यानंतरच. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे टिळकांच्या जीवनात संघर्षाचे तीन टप्पे दिसू लागतात आणि प्रत्येक टप्पा पुढच्याची पूर्वतयारी ठरतो.

पहिला संघर्ष बुद्धीचा होता. करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांचे मातृछत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नागपूरच्या वास्तव्यात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचा ग्रंथव्यासंग चालू होता आणि सर्वांना एकत्र आणणाऱ्या नव्या धर्माची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. ते टिळकांना त्या वेळी पटले नाही. पण वाचनाचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. शंका, पत्रव्यवहार आणि चिंतन यांत सुमारे दोन वर्षे गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बुद्धीचा निर्णय झाला, तेव्हा नात्यांचा संघर्ष सुरू झाला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांची त्यांच्यापासून ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. या काळात लक्ष्मीबाईंनी जे सोसले त्याचा वृत्तान्त ‘स्मृतिचित्रे’त आला आहे. टिळकांच्या त्यागाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंना मोजावी लागली, हे चरित्रकाराने नजरेआड करता कामा नये. या संघर्षात पांडित्याचा उपयोग नव्हता. वाट पाहणे हीच साधना होती. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांनी त्याचा धर्म लगेच स्वीकारला नाही. जातिभेद मानवनिर्मित आहे या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची तयारी त्यांची स्वतःची होती.

तिसरा संघर्ष बाहेरून सर्वांत कमी दिसणारा, परंतु सर्वांत अवघड होता. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात स्थिरावले होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. कवी म्हणून त्यांची कीर्ती मिशनच्या कक्षेबाहेर पसरली होती. अशा प्रतिष्ठित अवस्थेत वेतन घेऊन केलेली सेवा आणि निरपेक्ष भक्ती यांतील अंतर त्यांना टोचू लागले. परकीय मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक आपल्या देशबांधवांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचू शकेल काय, हा त्या टोचणीचा गाभा होता. १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १८९५ मध्ये त्यांनी जन्मसिद्ध समाजाचा आधार सोडला होता. १९१७ मध्ये स्वतः निवडलेल्या संस्थेचा आधार सोडला. पहिला त्याग पचवल्याखेरीज दुसरा शक्य झाला नसता.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात या संघर्षासाठी देवाची शस्त्रसामग्री धारण करण्यास सांगितले आहे. टिळकांच्या जीवनात त्या तयारीला निराळे रूप आले. ते चढवत गेले नाहीत, उतरवत गेले : प्रथम पांडित्याचा अभिमान, मग आप्तांचा आसरा, शेवटी वेतनाची शाश्वती. हे वळण वारकरी परंपरेशी जवळचे आहे. तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि ओवी ही रूपे निवडली, ती केवळ प्रचाराची सोय म्हणून नव्हे; त्यांच्या साधनेची घडणच त्या परंपरेत झाली होती.

दरबाराला त्यांचा सहवास दोन वर्षेही लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पतीच्या धर्मनिर्णयाने जिचे घर एकदा मोडले होते, तिनेच त्याचे ख्रिस्तचरित्र पुरे करावे, ही घटना केवळ वाङ्मयेतिहासाची नोंद म्हणून पाहता येणार नाही. टिळकांच्या संघर्षाची फलश्रुती शोधायची, तर १८९५ च्या वादळाइतकेच या शांत, दीर्घ परिश्रमाकडेही अभ्यासकांनी वळले पाहिजे.