बिनपगारी चिटणीसबाई

आमच्या मंडळाची वार्षिक सभा झाली की मला दोन दिवस जेवण जात नाही. यंदाही तेच झालं. मी चिटणीस. हळदीकुंकवाच्या खर्चाच्या तीन पावत्या नव्हत्या, त्या मी सभेत मागितल्या, एवढाच काय तो माझा गुन्हा. पण दोनशे रुपयांसाठी मी चारचौघींत एकीचा पाणउतारा केला, असं ठरलं. शेजारच्या वहिनींनी तर रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी आले तर धाकटे भावोजी आलेले. त्यांना गोल्फचं भारी वेड. माझं रडगाणं ऐकून ते हसले आणि म्हणाले की वहिनी, तुमची एक पूर्वज शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेली आहे, तिचं जरा वाचा. गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ, त्यात आपलं काय, असं मला वाटलं होतं. पण वाचत गेले आणि गुंतत गेले. कारण ही गोष्ट खेळाची कमी आणि वर्गणी, नियमावली, नोंदवह्या यांचीच जास्त आहे. आणि ती ज्या बाईंची आहे त्यांचं नाव इझेट पिअर्सन.

इझेट यांचा जन्म १८६१चा. पंचविशी उलटल्यावर त्यांनी हातात गोल्फची काठी धरली. लंडनजवळ विम्बल्डन कॉमन नावाचं मोठं मोकळं रान आहे. तिथे सगळ्यांचीच ये-जा, म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांनी लांबून दिसेल असं लाल वस्त्र अंगावर घालायचं, असा दंडक होता. तिथल्या बायकांच्या क्लबात इझेट खेळत. त्या काळी बायकांचा गोल्फ म्हणजे पुरुषांच्या मैदानाच्या कडेला दिलेला एक छोटा तुकडा. काठी खांद्याच्या वर नेणं बाईमाणसाला शोभत नाही, तेव्हा चेंडू सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे मारायची गरजच काय, असं मोठमोठे लोक छापून सांगत. त्यात अंगावर घोट्यापर्यंतचा झगा, आत कॉर्सेट, गळ्याला कडक कॉलर. वाऱ्याने झगा उडून चेंडूच दिसेनासा व्हायचा, म्हणून पुढे एक इलॅस्टिकचा पट्टा निघाला. तो एरवी कमरेला ठेवायचा आणि फटका मारताना गुडघ्यापर्यंत खाली ओढायचा. आपण धुणं धुताना पदर खोचतो ना, तसंच काहीसं.

१८९३च्या सुरुवातीला ठिकठिकाणच्या क्लबांतल्या बायकांच्या मनात आलं की आपली एक मध्यवर्ती संघटना असावी आणि वर्षाला एक स्पर्धा घ्यावी. त्यांच्यापैकी एकीने होरेस हचिन्सन यांचा सल्ला विचारला. हे गृहस्थ दोनदा ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकलेले, गोल्फवर पुस्तकं लिहिणारे, म्हणजे मोठं नाव. त्यांनी कळवलं की या फंदात पडू नका. बायका कधी एकत्र येऊन काही तडीस नेत नाहीत, आपसात भांडतात, आणि देवाने त्यांना हा खेळ झेपेल असं घडवलेलंच नाही. पहिली स्पर्धा हीच शेवटची ठरेल, असंही भाकीत त्यांनी करून टाकलं. वाचताना मला हसू आलं. आमचं मंडळ सुरू झालं तेव्हा एका काकांनी जवळजवळ हेच ऐकवलं होतं, फक्त मराठीत.

१९ एप्रिल १८९३ रोजी लंडनच्या एका हॉटेलात सभा भरली. विम्बल्डन, सेंट अँड्र्यूज, लिथम अशा क्लबांच्या प्रतिनिधी आल्या होत्या. तिथे लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि मानद चिटणीस म्हणून इझेट पिअर्सन यांची निवड झाली. मानद म्हणजे बिनपगारी, हे सांगायला नकोच! विम्बल्डनचे डॉक्टर लेडलॉ पर्व्हिस यांनी पाठिंबा दिला, उपाध्यक्षांच्या यादीत पुरुषांची नावं आली. पण कामाचं ओझं उचललं ते चिटणीसबाईंनी.

त्यांनी ठरवलेले उद्देश मी दोनदा वाचले. खेळाची वाढ करायची, सगळीकडे नियम सारखे करायचे, वाद झाला तर निवाडा द्यायचा, वर्षाची स्पर्धा भरवून तिचा पैसा उभा करायचा आणि सगळ्या क्लबांसाठी हँडिकॅपची एकच पद्धत आणायची. आपल्या कुठल्याही संस्थेच्या घटनेत शोभतील असेच आहेत, एक शेवटचा सोडला तर.

हे हँडिकॅप म्हणजे काय ते भावोजींनी सांगितलं, पण मला समजलं ते लहानपणच्या लिंबूटिंबूवरून. आपण खेळायचो तेव्हा कुणाची धाकटी बहीण मागे लागली की तिला लिंबूटिंबू करायचो. ती आउट झाली तरी आउट नाही. गोल्फमध्ये ही सवलत आकड्यात मोजतात. कमी फटक्यांत खेळ पुरा करायचा असतो. तेव्हा कच्च्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून तिच्या ताकदीप्रमाणे ठरावीक फटके वजा करायचे. मग शिकाऊ बाई आणि मुरलेली बाई एकमेकींशी बरोबरीने खेळू शकतात. हौशी लोकांचा क्लब चालतो तो या एका आकड्यावर. तो नसेल तर दोघी-तिघीच दरवेळी जिंकणार, बाकीच्या चार महिन्यांत कंटाळून यायच्या बंद होणार.

अडचण अशी की हा आकडा प्रत्येक क्लब आपल्या मनाने ठरवायचा. एका गावचं मैदान सोपं, दुसरीकडचं अवघड. कुणी मैत्रिणीला दोन फटके जास्त द्यायचं, कुणी फुशारकीपायी स्वतःचाच आकडा कमी सांगायचं. एका क्लबातली पटाईत दुसरीकडे गेली की तिची फजिती. इझेटबाईंनी हेच काम हातात घेतलं. मैदानामागून मैदान तपासायचं, उत्तम खेळणारीला तिथे किती फटके लागावेत ते ठरवायचं, आणि प्रत्येक बाईच्या प्रत्यक्ष खेळाच्या कार्डांवरून तिचा आकडा काढायचा. प्रत्येक क्लबात या हिशेबासाठी एक जबाबदार बाई. कार्ड नाही तर आकडा नाही. मग समोर कुणाची का बायको असेना!

हे बसवायला त्यांना वर्षानुवर्षं लागली. विचार करा, संगणक नाही, टेलिफोन मोजक्या घरांत. सगळा व्यवहार टपालाने. कुठल्या गावात कुठला क्लब, कुणाचा आकडा किती, याची माहिती गोळा करून युनियनचं वार्षिक पुस्तक काढायचं, तेही संपादन त्यांच्याचकडे. ब्रिटनमधल्या पुरुषांच्या क्लबांना अशी एकसारखी पद्धत बसवायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. बायकांच्या भांडणांची ज्यांना काळजी वाटत होती, ते तोवर आपापल्या क्लबाच्या आकड्यावरून वाद घालत होते.

आता त्या स्पर्धेचं. पहिली स्पर्धा जून १८९३मध्ये लिथमला झाली. ३८ जणींनी नावं दिली. अंतिम सामन्यात स्वतः चिटणीसबाई पोचल्या, आणि समोर लेडी मार्गारेट स्कॉट. इझेट सपाटून हरल्या, पाच होल खेळायचे बाकी असतानाच सात होलनी. पुढच्या वर्षी लिटलस्टोनला पुन्हा त्याच दोघी अंतिम सामन्यात, पुन्हा इझेटच हरल्या. लेडी मार्गारेट तीन वर्षं ओळीने जिंकल्या आणि त्या स्पर्धेतून बाजूला झाल्या. विजेतीचं नाव आजही सगळे घेतात. पण मला राहून राहून वाटतं, सामना हरून आलेल्या बाईने त्याच संध्याकाळी टेबलाशी बसून हिशेब, निकाल आणि पुढची पत्रं बघितली असतील का? चिटणीस असेल तर बघितलीच असणार.

त्या गोड स्वभावाच्या होत्या असं मात्र कुणी म्हणत नाही. हुकूमशाही गाजवतात, ऐकून घेत नाहीत, अशी त्यांच्याबद्दल तक्रार होती. सहकाऱ्यांनाही त्यांचा धाक वाटे. मी त्यांचं समर्थन करणार नाही. पाव शतकाहून जास्त काळ एकाच खुर्चीवर बसणं संस्थेला बरं नसतं, हे मी आमच्या गावात डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या फळीतल्या बायका तयारच होत नाहीत. पण सुरुवातीच्या दहा वर्षांत त्या मऊ राहिल्या असत्या, तर एकाही क्लबाने आपला लाडका आकडा सोडला नसता, हेही तितकंच खरं.

त्या आकड्याची जाहीर परीक्षा १९१०मध्ये झाली. सेसिल लीच ही एकोणीस वर्षांची मुलगी आणि हॅरल्ड हिल्टन, ज्यांनी दोनदा ओपन स्पर्धा जिंकली होती, यांचा ७२ होलांचा सामना ठरला. हिल्टन यांनी तिला दर दोन होलांमागे एक फटका सवलत द्यायची. बघायला हजारोंनी माणसं लोटली. बायकांना मतदानाचा हक्क मागणारी चळवळ तेव्हा तापलेली, त्यामुळे तो नुसता खेळ राहिलाच नव्हता. सेसिल मागे पडली होती, तिथून सावरली आणि निसटत्या फरकाने जिंकली. सवलत घेऊन जिंकली, असं काहींनी नाक मुरडलंच. पण सवलतीचं माप इतकं चोख की सामना अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला, याचं कौतुक मला जास्त वाटतं.

१९११मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर, इझेट यांनी लग्न केलं आणि त्या मिसेस मिलर झाल्या. लग्नानंतरही युनियनचं काम सुटलं नाही. महायुद्ध झालं, स्पर्धा बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि त्यानंतर केव्हा त्यांनी ती खुर्ची सोडली. १९४१मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, त्या गेल्या.

हचिन्सनसाहेबांनी जिला शेवटची म्हटलं होतं ती स्पर्धा युद्धाची वर्षं सोडली तर अजून भरते. सेंट अँड्र्यूजच्या ज्या जगप्रसिद्ध क्लबाकडे पूर्वी खेळाच्या नियमांचा मान होता, त्याने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडलं. २०१७मध्ये इझेटबाईंची युनियन त्या क्लबाशी जोडलेल्या ‘आर अँड ए’ या संस्थेत विलीन झाली. आणि २०२०मध्ये जगभरासाठी हँडिकॅपची एकच पद्धत सुरू झाली, बाया-पुरुष दोघांनाही तीच. भावोजी आपल्या मोबाइलवर स्वतःचा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवतात. मी विचारलं, हे प्रथम कुणी बसवलं ते तुमच्या क्लबात किती जणांना माहीत आहे? तर ते चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले.

आमच्या तीन पावत्यांपैकी दोन गुरुवारी आल्या. तिसरी फुलांची आहे. फुलवाला पावती देत नाही म्हणे. मी त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही आणायला सांगितली आहे.