बेघर स्त्रीचे माहेर : सावित्रीमाईंचे दुसरे कार्य

सावित्रीमाई फुले यांच्या चरित्रात आपल्या नगरचा उल्लेख येतो तो शिक्षणाच्या निमित्ताने. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फेरार 1839 पासून नगरात मुलींच्या शिक्षणाचे काम करीत होत्या. त्यांची शाळा जोतिरावांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. अध्यापनाचे प्रशिक्षण घेण्यासाठी सावित्रीमाई स्वतः फेरारबाईंच्या नगरच्या संस्थेत आल्या होत्या. एवढे आपल्या वसतिगृहातील सहावीचा विद्यार्थीही सांगेल, कारण दर 3 जानेवारीला तो ते भाषणात म्हणून दाखवितो. भाषण बहुधा शेणगोळ्यांच्या प्रसंगाशी संपते. त्यानंतरच्या दीर्घ आयुष्यात माईंनी ज्या स्त्रियांना घर नव्हते त्यांच्यासाठी जे केले, त्याच्या वाट्याला एखादे वाक्य येते. हा लेख त्या वाक्याविषयी आहे.

माईंचा जन्म 1831 चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. 1840 मध्ये विवाह झाला. मुलींना आणि अस्पृश्यांना शिकविण्याचे काम सोडावे, नाहीतर घर सोडावे, असा पेच सासऱ्यांनी घातला, तेव्हा 1849 मध्ये पतिपत्नींनी घर सोडले. अठरा वर्षांच्या वयात उंबरठ्याबाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज उरली नाही.

फुले दांपत्याच्या शाळेत मांग समाजातील मुक्ता साळवे ही मुलगी शिकत होती. तिने वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. हे पत्र 1842 मध्ये नगरातच सुरू झालेले. मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय होत असेल, हे त्या मुलीने त्यात निर्भीडपणे मांडले. शिक्षिकेच्या पुढील कार्याचा विषय विद्यार्थिनीने आठ वर्षे आधीच मांडून ठेवला होता, असे मला नेहमी वाटते.

1863 मध्ये पुण्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला झाला. जोतिरावांच्या स्नेह्याकडे ती स्वयंपाकीण होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. त्याने दिलेल्या औषधांनी गर्भ पडला नाही आणि तो नामानिराळा राहिला. लोकलज्जेपायी तिने जन्मलेल्या मुलाला मारून विहिरीत टाकले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. पुनर्विवाहाचा कायदा 1856 मध्येच झाला होता. परंतु कायद्याने लग्नाला परवानगी मिळते, राहायला खोली मिळत नाही.

ती खोली फुले दांपत्याने आपल्या वाड्याच्या आवारात दिली. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको असेल तर ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. तशी छापील पत्रके ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविण्यात आली. आपल्याकडे बाळंतपणाला स्त्री माहेरी जाते. ज्यांना माहेरानेच दार लावले होते, त्यांचे माहेर हे झाले. पत्रकाखाली नाव कोणाचेही असो, रात्री-अपरात्री बाळंतिणीपाशी बसणे, शेक-शेगडी, दुपटी धुणे हे काम माईंचे होते.

1884 मध्ये जोतिरावांनी सरकारला जी माहिती कळविली, तीनुसार तोवर 35 गर्भवती विधवा तेथे आल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ 5 जगली. गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली. आपण संस्थांचे अहवाल यशाच्या आकड्यांनी भरतो; माईंच्या कार्याचा अहवाल हा असा आहे. आपल्याच जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माऊली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावर आढळलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा मिळतो. तेथे किंवा अशा ठिकाणी एखादा दिवस केस विंचरण्याचे, घास भरविण्याचे काम ज्या माजी विद्यार्थ्यांनी केले असेल, त्यांना या आकड्यांमागचे कष्ट अधिक सांगायला नकोत.

हे घर एका जातीपुरते होते असा आक्षेप कधी कधी ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी माईंचे 29 ऑगस्ट 1868 चे नायगावहून लिहिलेले पत्र वाचावे. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जमले, सारजा गर्भवती राहिली आणि गावकरी दोघांचा जीव घ्यायला निघाले. माई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली आणि दोघांना वाचविले. गावाने त्यांना हद्दपार केले. माईंनी त्यांना पुण्याला जोतिरावांकडे धाडले. थेरीगाथेतील पटाचारेची कथा आपण जाणतो. सर्वस्व गमावून भ्रमिष्टासारखी फिरणाऱ्या त्या स्त्रीला लोक हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. सारजाची गोष्ट मी वर्गात नेहमी तिच्याच शेजारी ठेवतो.

1874 च्या सुमारास या घरात जन्मलेला एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जाते, त्यामुळे पुष्कळ लेखांत दोन्ही काशीबाई एकच होऊन बसल्या आहेत. पहिली तर शिक्षा भोगायला गेलेली होती.

1876-77 च्या दुष्काळात नगर, पुणे, सोलापूर भागांतील माणसे गावे सोडून निघाली. माई अकोले-पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यातील ओतूरला सत्यशोधकांच्या मदतकार्यात होत्या. अटक झालेल्या कार्यकर्त्यांसाठी त्या कलेक्टरशी भांडल्या, त्यांना सोडविले, आणि कलेक्टरकडून चार गाड्या ज्वारीही मिळाली.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे माईंनी स्वतः धरले. 1897 च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंताने पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या माई रुग्ण आणण्याचे काम करू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे यशवंतरावही अकाली गेले. मागे राहिलेल्या पत्नीजवळ उपजीविकेचे साधन नव्हते. राहते घर विकावे लागले, आणि सावित्रीमाईंच्या या सुनेचे अखेरचे दिवस पुण्यातच निराधार, बेघर अवस्थेत गेले, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. तिच्यासाठी दार उघडणारे कोणी नव्हते.