काट्यावर न येणारे बळ

आमच्या वाडीत अमरावती रोडला ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत आणि त्यांच्या जोडीला धरमकाटे. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, चिठ्ठीवर आकडा उमटतो. ते पाहताना मला हटकून आठवतात प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर. घरोघरी ठाऊक असलेल्या डॉ. जयंत नारळीकरांचे हे वडील.

१९०८ साली कोल्हापुरात जन्मलेले विष्णुपंत मुंबईत बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले, रँग्लर झाले आणि एडिंग्टन यांच्या सहवासात सापेक्षतावादात रमले. त्या काळी एका पदावरून तेथे वाद होता. १९१७ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात दूर ढकलणाऱ्या बळाचे एक पद घातले होते. विश्व प्रसरण पावते आहे हे कळल्यावर त्याने ते सोडून दिले. एडिंग्टन यांनी मात्र सोडले नाही.

केंब्रिजमध्ये नाव होत असतानाच, १९३२ साली, पंडित मालवीयांच्या बोलावण्यावरून विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात आले. पुढची जवळजवळ तीन दशके त्यांनी तेथे गणित शिकवले. ज्या विषयातून ना नोकरी ना पैसा, त्या सापेक्षतावादाची शाळा त्यांनी गंगाकाठी उभी केली. १९४२ मध्ये प्र. चु. वैद्य हा गुजराती तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे त्याने १९४३ मध्ये शोधलेले उत्तर आज जगभर वैद्यांच्या नावाने शिकवतात.

विष्णुपंत १९९१ मध्ये गेले. सातच वर्षांनी, १९९८ मध्ये, दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून दिसले की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. टाकून दिलेले ते पद 'कृष्ण ऊर्जा' म्हणून परत आले. विश्वातल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के वाटा तिचा मानतात.

मग ती आपल्याला जाणवत का नाही? पृथ्वीएवढ्या जागेत तिचा हिस्सा भरतो जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम! अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पोकळीत मात्र तीच भारी ठरते. २००४ मध्ये खौरी आणि वेल्टमन यांनी आणखी एक कल्पना मांडली. या ऊर्जेमागे सरड्यासारखे रूप बदलणारे बळ असेल, तर दाट पदार्थात त्याचा पल्ला अगदी आखूड होईल आणि पृथ्वीवरच्या प्रयोगांना ते चकवील. प्रयोगशाळांत त्याचा शोध चालू आहे. पुरावा अद्याप नाही.

विष्णुपंतांच्या शिकवण्याचे वजन तरी बनारसच्या वर्गात कोणाला करता आले असते? ते कळायला वैद्यांपर्यंत, जयंतरावांपर्यंत यावे लागते. पोराने न खपणारा विषय निवडला म्हणून आपण घरी कुरकुरतो, तेव्हा मला धरमकाट्याची ती चिठ्ठी आठवते.