रुफस पोर्टर: भिंती रंगवणारा माणूस आणि नळी दाबणारा पंप

शाळेबाहेर मिळणारी पेप्सीकोला आठवतेय ना? लांबट प्लास्टिकची पिशवी दोन बोटांत धरून खालून वर दाबत न्यायची, की आतला बर्फ तोंडात. आता बोटांच्या जागी फिरते रोलर आणि पिशवीच्या जागी रबरी नळी धरा. झाला पेरिस्टाल्टिक पंप. रोलर नळी दाबत पुढे जातो तसा पुढचा द्रव ढकलला जातो, आणि मागे नळी परत फुगताना नवा द्रव आत ओढला जातो.

अमेरिकेत १८५५ मध्ये याच कल्पनेवर विहिरीच्या पंपाचं पेटंट निघालं, क्रमांक १२,७५३. त्यावर दोन नावं होती: जे. डी. ब्रॅडली आणि रुफस पोर्टर. 'सायंटिफिक अमेरिकन' सुरू करणारे पोर्टर ते हेच.

त्यांचा जन्म १७९२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या बॉक्सफर्डचा. लहानपणीच कुटुंब मेनमध्ये गेलं. शाळा नावापुरतीच झाली. बूट शिवायचं काम शिकायला घातलं, त्यात मन रमलं नाही. मग घरं आणि पाट्या रंगवणं, ढोल आणि बासरी वाजवणं, गावोगाव फिरून लोकांची चित्रं काढणं. चित्र पटकन व्हावं म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचे, म्हणजे चेहऱ्याची प्रतिमा कागदावर पाडणारा डबा. पुढे न्यू इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतींवर त्यांनी झाडं, टेकड्या, बंदरं रंगवली. त्यातल्या काही आजही शाबूत आहेत.

२८ ऑगस्ट १८४५ ला 'सायंटिफिक अमेरिकन'चा पहिला अंक निघाला, तेव्हा ते साप्ताहिक होतं. पुढच्याच वर्षी पोर्टरनी ते मन आणि बीच या दोघांना विकून टाकलं! माझ्या गिटहबवर अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्ट्सची रांग आहे, त्यामुळे मला हा माणूस फार जवळचा वाटतो. फरक इतकाच, की त्यांनी सोडलेलं मासिक अजून चालू आहे. त्यांचा खरा जीव हवाई जहाजात होता. १८४९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून तीन दिवसांत कॅलिफोर्निया गाठायची योजना पुस्तिकेत छापली. छोटी मॉडेल्स उडाली, मोठं जहाज कधीच नाही.

पंपाकडे परत येऊ. गुडइयरचं व्हल्कनाइज्ड रबराचं पेटंट १८४४ चं. दाबलं की दबणारी आणि सोडलं की परत फुगणारी नळी त्याआधी मिळणं अवघडच होतं, म्हणून हा पंप १८५५ मध्ये यावा यात मला नवल वाटत नाही.

आज याच तत्त्वावरचे मोठे होज पंप खाणीतला गाळ आणि वाळूमिश्रित स्लरी ओढतात. साध्या सेंट्रिफ्युगल पंपात इम्पेलर त्या वाळूतच जोरात फिरतो, म्हणून तो झिजतो, शाफ्टचं सीलही जातं. होज पंपात द्रवाला शिवते फक्त नळीची आतली बाजू. तिथे ना व्हॉल्व्ह, ना सील. वेग कमी असतो, आणि वाळूचा कण रबरात जरासा रुततो नि परत बाहेर येतो.

पण फुकट काहीच नाही. नळी सतत दाबली जाऊन थकते आणि शेवटी फाटते. बऱ्याचदा ती वाळूच्या घासण्याआधी या दाबण्यानेच जाते. जास्त आवळली तर लवकर फाटते. कमी आवळली तर फटीतून द्रव जोरात मागे येतो आणि सोबतची वाळू नळी आतून खरवडते. म्हणून फट नीट लावणं, वेग कमी ठेवणं आणि वेळेवर नळी बदलणं हीच मुख्य देखभाल. 

पोर्टर १८८४ मध्ये न्यू हेवनला वारले, वय ९२. त्याच्या तीन वर्षं आधी, १८८१ मध्ये, यूजीन ॲलन यांनी नळी दाबणाऱ्या पंपाचं आणखी एक पेटंट घेतलं होतं. तो पंप पाण्यासाठी नव्हता, माणसाला रक्त चढवण्यासाठी होता.